कन्सोल घ्यावा की पीसी? दुरुस्तीच्या टेबलावरून दिलेलं उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या गृहस्थांचा मुलगा यंदा इंजिनिअरिंगला लागला. दोन वर्षं कन्सोलसाठी हट्ट धरून बसलेला पोरगा आता म्हणतो, ‘कन्सोल हल्ली कोण घेतं, पीसीच घेऊन द्या.’ बजेट सत्तर-ऐंशी हजार. वडिलांना पडलेलं कोडं असं, की त्यांच्या लहानपणी गेम म्हणजे टीव्हीला जोडायचं खोकं आणि कॉम्प्युटर म्हणजे ऑफिसातली कामाची वस्तू. हे उलटं कधी झालं, का झालं, आणि पैसे नक्की कशात घालायचे?

मी बावीस वर्षं हेच करतोय. आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडला उमेदवारी केली, मग पुण्यात तपकीर गल्लीच्या आसपास स्वतःचं दुकान टाकलं. कन्सोल दुरुस्त करतो आणि पीसी जोडून देतो. पोट दोन्हीवर आहे, त्यामुळे कोणा एकाची तळी उचलण्यात मला काही मिळत नाही.

पहिल्यांदा पोराचं वाक्य दुरुस्त करू. कन्सोल कोणी घेत नाही हे खोटं आहे. सप्टेंबर २०२५ अखेर सोनीने जगभरात ८ कोटी ४२ लाख पीएस ५ (म्हणजे प्लेस्टेशन ५) बाजारात पाठवले होते. निन्टेंडोचा स्विच २ जून २०२५ मध्ये आला आणि चार महिन्यांच्या आत एक कोटीच्या वर गेला. खरी घसरण मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सची आहे. पण पोरगा ज्याच्याबद्दल बोलतोय ती गोष्ट विक्रीच्या आकड्यांत दिसत नाही. ती हौसेची आहे. पूर्वी गिऱ्हाईक काचेला नाक लावून कन्सोलकडे बघायचं. आता पीएस ५ घ्यायला आलेला माणूस आधी विचारतो, ‘एवढ्यात पीसी बसतो का?’ हा प्रश्न २००५ साली मला कोणी विचारलेला आठवत नाही.

तेव्हा तो विचारायची गरजच नव्हती. आमच्या पिढीने सामुराई, मीडिया, लिटल मास्टर असल्या नावांच्या खोक्यांवर हात साफ केला. निन्टेंडोच्या १९८३ सालच्या फॅमिकॉमच्या त्या नकला किंवा भावंडं. कॅसेट घातली, बटण दाबलं, खेळ सुरू. चालली नाही तर फुंकर मारायची. (जाता जाता: फुंकरीने काही होत नव्हतं. कॅसेट काढून परत घातली की कॉन्टॅक्ट घासले जायचे आणि ती चालायची. उलट थुंकीच्या ओलाव्याने कॉन्टॅक्ट गंजायचे. अर्ध्या महाराष्ट्राने आपापल्या कॅसेटी अशा स्वतःच मारल्या.) कॉम्प्युटरवर तोच खेळ चालवायचा तर साउंड कार्ड वेगळं, ड्रायव्हर वेगळा, मेमरी पुरत नाही म्हणून तक्रार. शिवाय किंमत कितीतरी पट.

म्हणजे कन्सोल हा एक सौदा होता. गिऱ्हाइकाने मोकळीक सोडायची. दुसऱ्या कंपनीचा गेम चालणार नाही, आतलं काही बदलता येणार नाही, दुकान एकच. त्या बदल्यात कंपनीने द्यायचं काय? यंत्र स्वस्त, दर दोन वर्षांनी आणखी स्वस्त. गेम असे, जे दुसरीकडे मिळणारच नाहीत. आणि डोक्याला ताप शून्य. सौदा चोख होता. लोकांनी आनंदाने केला. गेल्या दहा-बारा वर्षांत कंपन्यांनी आपल्या बाजूचं एकेक कलम मोडलं, पण गिऱ्हाइकाच्या बाजूचं कुलूप मात्र जिथल्या तिथे ठेवलं. तुमच्या मुलाला हे शब्दांत सांगता येणार नाही, पण त्याला ते कळलंय.

किमतीपासून सुरू करतो, कारण तिथे मी डोळ्यांनी बघितलेलं सांगू शकतो. पीएस २ मार्च २००० मध्ये जपानात आला, त्याच वर्षी अमेरिकेत २९९ डॉलरला. त्यात डीव्हीडी चालायची, म्हणून अनेक घरांत तो ‘डीव्हीडी प्लेअर’ या नावाखाली शिरला. २००९ च्या एप्रिलमध्ये तोच ९९ डॉलरला आला. १६ कोटींच्या वर खपला. हे स्वस्त होणं म्हणजे कंपनीचं दान नव्हतं. जुना जाडा पीएस २ उघडला की आत मुख्य प्रोसेसर वेगळा, चित्र काढणारी चिप वेगळी, दोन्हींवर उष्णता ओढून घेणारा धातूचा भला मोठा हीटसिंक आणि मागे पंखा. नंतरचा बारीक पीएस २ उघडला की त्या दोन चिपांची एकच झालेली, बोर्ड निम्म्याहून लहान, वीजपुरवठ्याचा डबा तर थेट वायरीवर बाहेर काढलेला. चिप लहान होत गेली तशा सिलिकॉनच्या त्याच ताटलीतून जास्त चिपा निघायच्या, म्हणून प्रत्येक चिप स्वस्त पडायची. एक्सबॉक्स ३६० चं तेच. २०१० च्या बारीक मॉडेलात प्रोसेसर आणि ग्राफिक्स एका चिपेत आले.

हे चक्र आता जवळजवळ थांबलंय. पीएस ५ ची चिप २०२० मध्ये ७ नॅनोमीटरवर बनायची (आकडा लहान, तितकं तंत्र बारीक). २०२२ मध्ये ती ६ नॅनोमीटरवर गेली, हीटसिंक हलका झाला, वीज थोडी वाचली. किंमत? भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आलेला पीएस ५ नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. यंत्र पावणेदोन वर्षं जुनं झाल्यावर पाच हजारांनी महाग! अमेरिकेत ४९९ डॉलरचा पीएस ५ ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ ला गेला. एक्सबॉक्स सिरीज एक्सने तर कहर केला: ४९९ वरून मे २०२५ मध्ये ५९९, ऑक्टोबरमध्ये ६४९. नव्या, आणखी बारीक तंत्राच्या ताटल्या इतक्या महाग झाल्यात की चिप लहान करून वाचणारा पैसा ताटलीच गिळते. वर अमेरिकेतलं आयात शुल्क, वर मेमरीचे भाव. कारणं खरी आहेत. पण गिऱ्हाइकाला कारणांशी काय? ‘थांब रे, दिवाळीनंतर स्वस्त होईल’ असं मी वर्षानुवर्षं कन्सोलच्या गिऱ्हाइकांना सांगत आलो आणि ते खरं ठरायचं. आता असं सांगायची माझी हिंमत नाही. सणाच्या सवलती येतात आणि जातात, मूळ किंमत खाली येत नाही.

दुसरं कलम गेमचं. इथे थोडं आत शिरावं लागेल, कारण माझ्या मते उलथापालथीचं मूळ इथे आहे.

पीएस ३ च्या आत ‘सेल’ नावाचा प्रोसेसर होता. सोनी, तोशिबा आणि आयबीएमने मिळून बनवलेला. एक मुख्य मेंदू आणि भोवती छोटे छोटे मदतनीस. कागदावर जबरदस्त, पण त्याच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे डोकेदुखी. २००६ मध्ये हे यंत्र ४९९ आणि ५९९ डॉलरला आलं आणि तरीही प्रत्येक डब्यामागे कंपनीचं नुकसान होत होतं. त्यातून सोनी एक धडा शिकली. २०१३ चा पीएस ४ उघडून बघितला तेव्हा मी हसलो होतो. आत एएमडीचा आठ कोअरचा प्रोसेसर आणि एएमडीचंच ग्राफिक्स, म्हणजे मी बाहेरच्या टेबलावर जे पीसी जोडत होतो त्यांचाच चुलत भाऊ. एक्सबॉक्स वन त्याच घरातला. पीएस ५ आणि सिरीज एक्ससुद्धा एएमडीच. मायक्रोसॉफ्टचा २००१ चा पहिला एक्सबॉक्स तर इंटेल पेंटियम ३ आणि एनव्हिडियाच्या चिपवर चालायचा, म्हणजे नात्याची सुरुवात जुनीच.

जात एक झाली की बेटीव्यवहार सुरू होतोच. कन्सोलसाठी लिहिलेला गेम विंडोजवर आणणं सोपं झालं. त्याच वेळी मोठ्या गेमचा खर्च एवढा फुगला की एकाच डब्याच्या मालकांकडून तो वसूल होईना. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून आपले गेम एक्सबॉक्सबरोबरच विंडोजवर द्यायला सुरुवात केली. सोनी ताठ होती, पण ऑगस्ट २०२० मध्ये ‘होरायझन झिरो डॉन’ पीसीवर आला. मग जानेवारी २०२२ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर’, त्याच वर्षी ‘स्पायडर-मॅन’, २०२४ मध्ये ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’. ‘हेलडायव्हर्स २’ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये दोन्हीकडे एकाच दिवशी. ‘गॉड ऑफ वॉर’ खेळायला म्हणून पीएस ४ नेलेली किती पोरं माझ्या ओळखीची आहेत. आज तो गेम त्यांच्या धाकट्या भावाच्या लॅपटॉपवर चालतोय, तोही सवलतीत घेतलेला.

आणि उलट्या दिशेचं सांगायचं तर, ज्या ‘हेलो’साठी लोकांनी २००१ मध्ये पहिला एक्सबॉक्स विकत घेतला, त्याच पहिल्या भागाची नवी आवृत्ती पीएस ५ वर येणार असल्याचं मायक्रोसॉफ्टनेच ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं. मग एक्सबॉक्स घ्यायचा कशासाठी? २०२४ च्या अखेरीस त्यांची जाहिरात होती: फोन, लॅपटॉप, टीव्ही, सगळ्यालाच ‘हा एक्सबॉक्स आहे’ म्हणायचं. दुकानदारानेच ‘सगळंच माझा माल आहे’ म्हटल्यावर काचेतला डबा कोण उचलणार?

यातून सुटलेली एकच कंपनी, निन्टेंडो. तिचे गेम अजूनही दुसरीकडे जात नाहीत. पण तिचं भारतात अधिकृत दुकान नाही, वॉरंटी नाही. स्विच आपल्याकडे येतो तो बाहेरून आणलेला. चॉकलेटांबरोबर दुबईहून आलेला स्विच ही पुण्यातली नेहमीची गोष्ट आहे. घ्यायचा तर तो पीसीला पर्याय म्हणून घेऊ नका, वेगळी हौस म्हणून घ्या.

तिसरं कलम: डोक्याला ताप नको. हे मोडल्याचं लोकांना सगळ्यात जास्त लागतं, पण बोलून दाखवतात सगळ्यात कमी. पोराच्या वाढदिवसाला नवा कन्सोल आणि डिस्क घेऊन गेलेले वडील रात्री दहाला फोन करतात: ‘डिस्क घातली, पण खेळ सुरूच होत नाहीये.’ सुरू होणार नाहीच. आधी कन्सोलचं सिस्टिम अपडेट, मग खातं उघडा, मग डिस्कवरून सगळा गेम आतल्या एसएसडीवर, म्हणजे साठवणुकीच्या जागेत, कॉपी, मग इंटरनेटवरून गेमचं अपडेट. शंभर जीबीचे गेम आता नवलाचे नाहीत. पहिल्या पीएस ५ ची एसएसडी ८२५ जीबीची, त्यातली वापरायला मिळते ६६७. सहा-सात मोठे गेम झाले की काहीतरी पुसा. हे सगळं पीसीवरही करावं लागतं, पण पीसीकडून कोणी दुसरी अपेक्षाच ठेवली नव्हती.

त्यात भाडं. कन्सोलवर पैसे देऊन घेतलेला गेम मित्रांबरोबर ऑनलाइन खेळायचा तर कंपनीची वर्गणी लागते. घरातलं इंटरनेट तुमचं, गेम तुमचा, यंत्र तुमचं, तरी टोलनाका त्यांचा. फुकट मिळणारे गेम यातून सुटतात. बाकी सोनीने ही वर्गणी २०२३ च्या सप्टेंबरमध्ये वाढवली, अमेरिकेत वर्षाचे ६० डॉलर होते ते ८० झाले. मायक्रोसॉफ्टचा गेम पास (वर्गणी भरून ढीगभर गेम खेळायची योजना) सुरुवातीला खरोखर लुटीसारखा स्वस्त होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातली सगळ्यात वरची योजना तिथे महिना २० वरून ३० डॉलरवर गेली. पीसीवर ऑनलाइन खेळायचा वेगळा टोल स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान घेत नाही.

स्टीमचं नाव निघालंच आहे तर आपल्याकडच्या बदलाचं थोडं श्रेय त्यांना द्यायला हवं. २००३ पासून हे दुकान चालू आहे. पण आपल्यासाठी खरं उघडलं ते नोव्हेंबर २०१५ मध्ये, किमती रुपयांत आल्या तेव्हा. त्याआधी डॉलरमध्ये किंमत, आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड हवं आणि ते बाबांकडे मागायचं. रुपयांत किमती आल्या, त्यातल्या बऱ्याच इथल्या खिशाला बघून लावलेल्या. पुढे यूपीआय चालायला लागलं आणि तपकीर गल्लीतली ‘सगळे गेम पेन ड्राइव्हवर भरून द्या’ म्हणणारी गर्दी माझ्या डोळ्यांसमोर विरळ झाली. शिवाय पीसीवर दुकानं अनेक. एपिक २०१८ च्या डिसेंबरपासून नेमाने गेम फुकट वाटतंय. मे २०२० मध्ये लॉकडाऊनच्या ऐन भरात ‘जीटीए ५’ फुकट दिला तेव्हा त्यांची साइटच झोपली होती. पीएस ५ च्या मोठ्या नव्या गेमची किंमत यंत्र आल्यापासूनच ४,९९९ रुपयांच्या घरात. कन्सोलच्या आत एकच दुकान, त्यामुळे भाव करायला दुसऱ्या दारात जाता येत नाही.

इथे कन्सोलवाल्यांचा एक मुद्दा मला मान्य आहे: डिस्क विकता येते. आपल्याकडे हे फार मोठं होतं. नवी डिस्क घ्यायची, पंधरा दिवसांत गेम संपवायचा, थोडे पैसे सोडून विकायची, दुसरी घ्यायची. माझ्याकडे एक कॉलेजचा पोरगा होता, त्याने तीन वर्षं एवढ्याच भांडवलावर काढली. पीसीवर घेतलेला गेम विकता येत नाही. पण कन्सोल कंपन्यांनीच डिस्क नसलेले डबे आणून ही वाटही अरुंद केली. २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या पीएस ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाहीच, वेगळा घ्यावा लागतो. तो प्रो तेव्हा भारतात आला नाही याचं कारण मजेशीर आहे. त्यातलं वाय-फाय ६ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तो पट्टा आपल्याकडे वाय-फायसाठी खुला नव्हता. म्हणजे सगळ्यात ताकदवान प्लेस्टेशन हवं तर भारतीय माणसाला ते अधिकृतपणे मिळतच नव्हतं. पीसीत मात्र हवं ते ग्राफिक्स कार्ड टाका.

जुन्या गेमचं काय होतं, हे विकत घेताना कोणी विचारत नाही. सेल प्रोसेसरच्या विचित्रपणामुळे पीएस ३ च्या डिस्क पीएस ४ मध्ये चालल्या नाहीत, पीएस ५ मध्येही नाहीत. एक्सबॉक्स ३६० चं ऑनलाइन दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. निन्टेंडोने ३डीएस आणि वी यू या आपल्या जुन्या यंत्रांची दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. माझ्या स्वतःच्या पीसीवर मी पंचवीस वर्षांपूर्वीचे गेम आजही चालवतो. कधी सरळ, कधी थोडी खटपट करून. अर्थात स्टीमवर घेतलेला गेमही कायद्याने तुमच्या मालकीचा नसतो, तो परवानाच असतो. फुशारकी मारायला नको.

आता दुरुस्तीबद्दल. पीसीत एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला तर मी दहा मिनिटांत दुसरा लावतो, कुठल्याही कंपनीचा. कन्सोलमध्ये तसं होत नाही. डिस्क ड्राइव्हमधला छोटा बोर्ड मुख्य बोर्डाशी जोडी लावून येतो. दुसऱ्या यंत्रातला ड्राइव्ह काढून बसवला तर तो गेम वाचत नाही. मूळ बोर्ड जळला की संपलं. कंट्रोलरमधली काठी हात न लावता एका बाजूला सरकू लागते, ते तर रोजचंच. बहुतेक कंट्रोलरमध्ये काठीखाली पोटेन्शिओमीटर असतो, त्यातला कार्बनचा पट्टा घासून झिजतो. चुंबकावर चालणारी, न झिजणारी काठी बाजारात आहे, स्वस्त बाहेरच्या कंट्रोलरमध्येही मिळते. तीन कन्सोलवाल्यांपैकी एकालाही ती आपल्या साध्या कंट्रोलरमध्ये घालावीशी वाटलेली नाही. एक गोष्ट सोनीने मात्र चांगली केली. पीएस ५ मध्ये बाजारातली साधी एम.२ एसएसडी लावता येते, सप्टेंबर २०२१ पासून. एक्सबॉक्सला त्यांचंच खास कार्ड लागतं.

हे सगळं तंत्राचं झालं. आपल्या घरातली दोन कारणं याहून जुनी आहेत. पहिलं, टीव्ही. अमेरिकेत पोराच्या खोलीत वेगळा टीव्ही असतो. आपल्याकडे हॉलमध्ये एकच, त्यावर संध्याकाळी सातपासून मालिका, आणि मॅच असली की विषय संपला. कन्सोल त्या टीव्हीचा भाडेकरू. पीसीला स्वतःचा मॉनिटर असतो, त्यामुळे घरात कोणाशी भांडण नाही. दुसरं, ‘अभ्यास’. ‘व्हिडिओ गेम घ्या’ म्हटलं की वडिलांच्या कपाळावर आठ्या, ‘कॉम्प्युटर घ्या, कॉलेजला लागतो’ म्हटलं की पैसे निघतात. पोरं हे ओळखून आहेत, आणि खोटंही नाही ते. त्याच ग्राफिक्स कार्डवर कॅड, म्हणजे इंजिनिअरिंगची ड्रॉइंग, चालतं, व्हिडिओ एडिटिंग होतं, कोडिंग तर होतंच.

त्यात मोबाइल. आजच्या अठरा वर्षांच्या पोराने गेम शिकला तो पबजीवर, सप्टेंबर २०२० मध्ये त्यावर बंदी आल्यावर थोडा उपाशी राहिला, मग जुलै २०२१ पासून त्याच्याच भारतीय अवतारावर, बीजीएमआयवर. त्याला पुढची पायरी हवी असते ती ‘व्हॅलोरंट’ या गोळीबाराच्या गेमची, आणि तो २०२० मध्ये पीसीवर आला. कन्सोलवर पोचायला त्याला चार वर्षं लागली. मित्र जिथे तिथेच पोरगा जाणार. कंट्रोलर हातात न धरलेली अख्खी पिढी तयार झाली आहे.

आता पीसीची काळी बाजू, नाहीतर तुम्हाला वाटेल मी माझा मालच खपवतोय. पंचावन्न हजारांत मॉनिटर, कीबोर्ड, सगळं धरून जोडलेला नवा पीसी पीएस ५ एवढं चित्र देणार नाही. साधं गणित आहे, त्यात वाद नाही. २०२५ च्या शेवटाला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी उचलायला सुरुवात केल्यापासून रॅमचे भाव काही महिन्यांत दुपटीच्या वर गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. गल्लीत रॅमचा भाव सकाळचा संध्याकाळी राहत नव्हता. शिवाय पीसीवर आलेला गेम नीट चालेलच असं नाही. ‘द लास्ट ऑफ अस’चा पहिला भाग मार्च २०२३ मध्ये पीसीवर आला तेव्हा सुरू व्हायच्या आधी शेडर (चित्र रंगवायचे छोटे प्रोग्रॅम) तयार करत बसायचा आणि मग अडखळत चालायचा. दुरुस्त्या येईपर्यंत लोकांनी शिव्या घातल्या. विंडोजचं अपडेट नेमकं मॅचच्या वेळी येतं, हेही खरं.

आणि ‘जीटीए ६’. जाहीर झालेली तारीख १९ नोव्हेंबर २०२६, आणि फक्त पीएस ५ व एक्सबॉक्ससाठी. पीसीचं नाव नाही. मागचा ‘जीटीए ५’ सप्टेंबर २०१३ मध्ये कन्सोलवर आला आणि पीसीवर एप्रिल २०१५ मध्ये, म्हणजे एकोणीस महिन्यांनी. मुलाला तो पहिल्याच दिवशी हवा असेल तर माझं वरचं सगळं विसरा आणि कन्सोल घ्या. एका गेमसाठी घेणं वेडेपणा आहे, पण लोकांनी कन्सोल नेहमी एका गेमसाठीच घेतले आहेत.

हातात धरायच्या पीसींबद्दलही विचारलं जातं. स्टीम डेक फेब्रुवारी २०२२ मध्ये आला, भारतात अधिकृतपणे विकला गेलेला नाही. आसुसचा रॉग अलाय जुलै २०२३ मध्ये इथे ६९,९९० ला आला. वस्तू छान आहे, पण इंजिनिअरिंगच्या पोराचा एकमेव कॉम्प्युटर म्हणून नाही.

तर तुमच्या बाबतीत: मुलगा घरून कॉलेजला जाणार असेल तर डेस्कटॉप घ्या. हॉस्टेलला जाणार असेल तर लॅपटॉपच, आणि मग त्याच पैशांत ताकद कमी मिळेल हे त्याला आधीच सांगून ठेवा. सत्तर-ऐंशी हजारांत मधल्या पट्टीचं ग्राफिक्स कार्ड बसतं. सगळ्यात जास्त पैसे त्यातच घाला, प्रोसेसरवर उधळू नका. रॅम आज १६ जीबीच घ्या, पण बोर्डावर दोन खाचा रिकाम्या राहतील असा बोर्ड निवडा. भाव उतरले की वाढवता येईल. रंगीबेरंगी दिवे लावलेला कॅबिनेट मुलगा मागेल. द्या, पण पुढून जाळी असलेला द्या, काच असलेला नको. एसएमपीएसवर मात्र एक रुपया वाचवू नका. बिलात नाव नसलेला, फक्त ‘५०० वॉट’ लिहिलेला दिसला तर दुकान बदला. माझ्या टेबलावर जळून आलेल्या पीसींपैकी निम्मे तसल्या पुरवठ्याने गेलेले असतात. महावितरणच्या लपंडावात यूपीएस लागेलच, तो ग्राफिक्स कार्डासकट होणारा भार मोजून घ्या, घरातला जुना पाचशे-सहाशे व्हीएचा चालेल असं गृहीत धरू नका.

कन्सोल घ्या की पीसी, सुताराला सांगून त्याच्यासाठी बंद कप्पा मात्र करून घेऊ नका. टीव्हीखालच्या सुंदर लॅमिनेटच्या कप्प्यात, मागे भोक फक्त वायरीपुरतं, दार लावलेलं. गरम हवा आतल्या आत फिरत राहते, पंखा किंचाळत राहतो आणि दोन उन्हाळ्यांत यंत्र माझ्याकडे येतं. मागे आणि वर चार-चार बोटं जागा सोडा, आणि सहा महिन्यांनी ब्लोअरने धूळ काढा. ते करताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो हवेने गरागरा फिरू देऊ नका.